तंबोऱ्याची घोडी

सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या ग्रीक व्यापाऱ्यानें पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचें वर्णन लिहून ठेविलें आहे. कॅलियाना येथून तांबें, शिसवी ओंडके व कापड परदेशीं जातें, असें तो सांगतो. हें कॅलियाना म्हणजे आपलें कल्याण, असें विद्वान मानतात. तंबोऱ्याच्या खुंट्या पुष्कळदां शिसवीच्या असतात आणि खर्जाची तार पितळेची, म्हणजे बव्हंशीं तांब्याचीच. एवढ्यावरून कोणी कल्याणला तंबोऱ्याचें माहेर ठरवूं लागल्यास मात्र त्याचें ऐकूं नये. साहित्य एका गांवीं व कसब दुसऱ्या गांवीं, अशी या वाद्याची कथा आहे.

कसबाचें गांव मिरज. तेथील सतारमेकर घराणीं मूळचीं शिकलगारांचीं. तलवारींना धार लावणें हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. इंग्रजी अमलांत तो बसला. संगीताचे शौकी असलेल्या पटवर्धन संस्थानिकांकडील वाद्यें दुरुस्तीला याच हातांकडे आलीं, असें परंपरेनें सांगतात, आणि १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनीं भीमाकांठचे भोपळे व तुणीचें लाकूड घेऊन स्वतः वाद्यें घडविण्यास प्रारंभ केला. धंदा निघाला तो मोडका भाग नवा करण्यांतून! मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

परंतु मिरजेहून उत्तम वाद्य आणलें म्हणजे काम संपत नाहीं. तार तुटते, ती बाजारांत मिळते. खुंटी सैल होते, ती खडू लावून तात्पुरती भागते. घोडीचें तसें नाहीं. पोलादी तारा तिच्या पाठीवर घांसून घांसून बारीक चर पाडतात आणि वाद्य मुकें होतें. पूर्वी घोडी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाचीहि करीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं तीं द्रव्यें बंद झालीं. आतां उंटाचें हाड, कठीण लाकूड अथवा कृत्रिम द्रव्य वापरतात. पण नवी घोडी आणून बसविली, तरी ती त्या तंबोऱ्याची होत नाहीं. तिची पाठ किंचित् उतरती कानशीनें करावी लागते. तार चढवावयाची, ऐकावयाचें, उतरवावयाची, पुन्हा दोन हात कानस. शेवटीं तारेखालीं सुताचा दोरा सरकवितां सरकवितां एका जागीं नाद एकदम उमलतो. ही जवारी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं हिचाच अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बिंदूवर छेडल्यास एखादा उपस्वर उमटूं नये असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम, तेथें छेडूनहि तंबोऱ्यांत तो स्पष्ट ऐकूं येतो, व याचें कारण ही पसरट घोडी, असें त्यांनीं दाखविलें.

जें शास्त्रज्ञास मागाहून उकललें, तें गवयांच्या हातांना आधींच ठाऊक होतें. मिरजेस स्थायिक झालेले अब्दुल करीमखांसाहेब (निधन १९३७) वाद्यें स्वतः दुरुस्त करीत. गळ्याइतकीच कानशीची पारख असलेला असा गवई विरळाच.

ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील घरांत आजोबांचा तंबोरा खोळींत उभा असतो. तो लोकलच्या गर्दींतून मुंबईस न्यावा, तर भोपळाच फुटावयाचा. बंगळूरांत १९७९ मध्यें विजेचा तंबोरा निघाल्यापासून ती यातायात कोणी करीतहि नाहीं. पेटी लावली कीं षड्ज सुरू. सोय मोठी खरी, परंतु पेटी ऐकून ज्याचा कान घडला, त्यास घोडी घांसतां यावयाची नाहीं. म्हणून एखाद्या घरीं आजहि जुनी घोडी पुढें ठेवून तिच्याच मापाची नवी कोरली जाते. पहिली बहुधा फुकट जाते. कानस एक हात अधिक लागलेली असते. दुसरीचा दोरा सरकूं लागला, कीं स्वयंपाकघरांतलीं माणसें बाहेर येऊन उभीं राहतात.