उडती पिसू आणि तिचा धडा



विमानाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मोठमोठे कारखाने, लष्करे आणि सरकारे उभी राहतात. परंतु या इतिहासाची एक धाकटी पातीही आहे. ती कारखान्यात नव्हे, तर घराच्या पडवीत, सुताराच्या पडघवीत आणि मोटारीच्या छपराखाली वाढली. स्वतःच्या हातांनी विमान बांधून त्यात स्वतः बसून उडणाऱ्या सामान्य माणसांचा हा इतिहास आहे. त्यात हौस आहे, जिद्द आहे. आणि नाहक गेलेले जीवही आहेत. म्हणूनच तो सांगण्याजोगा आहे.

खरे पाहता विमानाचा जन्मच मुळी घरगुती. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत ज्यांचे विमान उडाले ते राइट बंधू सायकलींचे दुकानदार होते. पुढे सहा वर्षांनी, म्हणजे १९०९ च्या सुमारास, पॅरिसमध्ये राहणारे ब्राझीलचे आल्बेर्तो सान्तोस-दुमों यांनी बांबू आणि कापड यांचे एक चिमुकले विमान उडवले. त्याचे नाव ‘दमॉझेल’. या गृहस्थांनी त्यावर मालकी हक्क सांगितला नाही. ज्याला बांधायचे असेल त्याने खुशाल बांधावे, असे त्यांचे धोरण होते. आणि १९१० मध्ये एका अमेरिकन मासिकाने त्याचे आराखडे छापलेदेखील. घरच्या घरी विमान बांधण्याची कल्पना अशी विमानाइतकीच जुनी आहे.

पण पहिल्या महायुद्धानंतर विमान महागले. ते लष्कराचे आणि श्रीमंतांचे वाहन झाले. ही गोष्ट ज्याला सहन झाली नाही, असा एक माणूस फ्रान्समध्ये निघाला. त्याचे नाव आंरी मिन्ये.

मिन्येचा जन्म १८९३ चा. महायुद्धात तो बिनतारी संदेशाचे काम करीत असे. तरुणपणापासून तो विमाने बांधी, मोडी आणि पुन्हा बांधी. नेहमीचे विमान चालवताना हात आणि पाय यांचा मेळ ठेवावा लागतो. हाताने दांडा, पायाने सुकाणू. हा मेळ मिन्येला काही केल्या साधेना. तेव्हा त्याने विचार केला, की माणूस विमानाला जुळत नसेल तर विमानच माणसाला जुळवून घ्यावे! त्याने पायातले सुकाणू काढूनच टाकले. सगळा कारभार एका दांड्यावर आणला. जसा बैलांचा कारभार कासऱ्यावर असतो तसा. दांडा डावी-उजवीकडे केला की विमान वळे. मागे ओढला की पुढच्या पंखाचा कोन वाढे आणि विमान वर चढे. पंख दोन होते, पण ते नेहमीसारखे एकावर एक नव्हते. एक पुढे आणि थोडा वर, दुसरा त्याच्या पाठीमागे, असे ते बसवलेले होते.

हे त्याचे चौदाव्या क्रमांकाचे विमान. १० सप्टेंबर १९३३ रोजी ते प्रथम उडाले. लाकडी सांगाडा, वर ताणलेले कापड, पुढच्या पंखाची लांबी सुमारे सहा मीटर, आणि मोटारसायकलला शोभेल असे लहानसे सतरा अश्वशक्तीचे इंजिन. फ्रेंचमध्ये त्याला नाव पडले ‘आकाशातली ऊ’, इंग्रजीत ‘उडती पिसू’. नावावरूनच ध्यानात येते, की आकाराची ऐट त्यात अजिबात नव्हती.

१९३४ मध्ये मिन्येने या विमानावर एक पुस्तक लिहिले. लाकूड कोणते घ्यावे, सरस कसा लावावा, खिळा कुठे ठोकावा, आणि शेवटी उडावे कसे, हे सगळे त्याने गप्पा माराव्यात तशा भाषेत सांगितले. ज्याला लाकडी खोके नीट ठोकता येते त्याला विमानही बांधता येईल, असा त्याचा एकूण सूर होता. पुढच्याच वर्षी पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर निघाले, आणि ऑगस्ट १९३५ मध्ये मिन्ये स्वतः आपल्या पिसूत बसून इंग्लिश खाडी ओलांडून इंग्लंडात उतरला. मग काय विचारता! कारागीर, कारकून, दुकानदार, शाळामास्तर, जो तो करवत घेऊन बसला. एकट्या ब्रिटनमध्ये अशा पिसवा कितीतरी ठिकाणी बांधल्या जाऊ लागल्या. गरिबाचे विमान आले, असे लोकांना मनापासून वाटले.

आणि मग माणसे मरू लागली.

१९३५ आणि १९३६ या दोन वर्षांत एकामागून एक अपघात झाले. त्यांचा प्रकार बहुधा एकच. विमान नाक खाली करून सूर मारी, ते पुन्हा वर येतच नसे. थेट जमिनीवर आदळे. प्रथम लोक म्हणाले, की बांधणारा अडाणी असेल, चालवणारा नवखा असेल. परंतु मेलेल्यांत हवाई दलातले कसलेले वैमानिकही होते. तेव्हा दोष माणसाचा की यंत्राचा, हा प्रश्न टाळता येईना.

१९३६ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड या दोन्ही देशांत अख्खी पिसू वातबोगद्यात घालून तपासली गेली. वातबोगदा म्हणजे काय? खळ्यावर वारा पडला की आपण उपणणीसाठी पंख्याने वारा घालतो ना, त्यातलाच हा प्रकार, फक्त प्रचंड मोठा. विमान जागच्या जागी टांगलेले असते आणि वाराच त्याच्यावरून धावतो. त्यात जे दिसले ते असे. पुढचा पंख आणि मागचा पंख यांच्यामध्ये एक अरुंद फट होती. पाटाचे पाणी अरुंद दारातून सोडले की जोराने धावते. तसाच वारा त्या फटीतून जोराने मागच्या पंखावर जाई. सूर लागलेला असताना वैमानिक घाबरून दांडा मागे ओढी. पुढचा पंख वर व्हावा ही त्याची इच्छा. पण त्या ओढण्याने पुढच्या पंखाची मागची कड खाली येई, फट आणखी अरुंद होई, मागचा पंख अधिक उचलला जाई, आणि नाक आणखीच खाली जाई. जीव वाचवण्यासाठी केलेली कृतीच जीव घेई! अनुभवी माणूसही येथे काय करणार? त्याच वर्षी ब्रिटनमध्ये या विमानाला उड्डाणाची परवानगी देणे बंद झाले, आणि कितीतरी अर्धवट सांगाडे तसेच धूळ खात पडले.

मंडळी, या ठिकाणी थांबून विचार करावा असे मला वाटते. मिन्ये लबाड होता काय? मुळीच नाही. ज्या यंत्रात त्याने लोकांना बसायला सांगितले त्यात तो स्वतः आधी बसला होता. पण ‘मी उडालो’ आणि ‘हे कोणीही, कोणत्याही प्रसंगी उडवावे’ या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. ते अंतर उत्साहाने भरून निघत नाही. मापाने आणि चाचणीनेच भरावे लागते. दोष कळल्यावर मिन्येने पंखांची जुळणी बदलली आणि १९६५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो विमानेच काढीत राहिला. त्याच्या पद्धतीची सुधारलेली विमाने आजही फ्रान्समध्ये उडताना दिसतात.

यातून शहाणपण काय आले ते पाहा. घरी विमान बांधण्यावर कायमची बंदी आली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी लोकांनी संघ काढले. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये असा संघ निघाला. जानेवारी १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी गावी पॉल पोबरेझ्नी यांनी दुसरा काढला. पद्धत अशी पडली, की बांधकाम तुमचे, पण प्रत्येक टप्प्यावर जाणत्या माणसाने ते पाहायचे. पंखावर कापड चढवण्याआधी आतले जोड तपासायचे. एकदा कापड चढले की आत काय आहे ते कोणाला दिसणार? आणि अशा विमानाचे पहिले काही तास वस्तीपासून दूर, एकट्यानेच उडायचे.

पुढे जुळणीचे संच निघाले. कारखान्यातून कापलेले, भोके पाडलेले अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे घरी यायचे आणि मालकाने ते रिबिटांनी जोडायचे. अमेरिकेचा नियम असा, की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने शिकण्यासाठी वा हौसेसाठी स्वतः केलेले असले पाहिजे. तरच ते घरचे विमान. रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या संचांपासून बांधलेली अकरा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. १९३६ साली जी गोष्ट अपघातांमुळे बदनाम झाली होती ती अशी तपासणीच्या बळावर मार्गी लागली.

आपल्या महाराष्ट्रातही या हौसेचा एक धागा आहे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. हे संचाचे नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या रचनेचे. २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ मध्ये त्याची सरकारी नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. गच्चीवरून धावपट्टीपर्यंत जायला वर्षे लागली. त्या वर्षांत जितका घाम हातोडीने काढला, तितकाच कागदांनीही काढला असेल.

शिक्षकबंधूंना एक विनंती. वर्गातला एखादा मुलगा किंवा मुलगी ‘गुरुजी, मी विमान बांधणार’ म्हणाली, तर हसू नका. आणि ‘शाबास, जा बांध’ एवढेच म्हणूनही सोडू नका. आधी कागदाचे, मग बांबूच्या कामट्यांचे करायला सांगा. ते का पडले, नाक जड झाले की शेपूट, हे वहीत लिहायला लावा. पडलेल्या कागदी विमानाची नोंद ठेवायची सवय ज्याला लागली, त्याच्या हातचे खरे विमान उद्या एखाद्याला सुखरूप खाली आणील.