अमेरिकेच्या सीमाप्रदेशातील देवळे आणि एक बिशप

यंदाच्या मालेसाठी आम्ही विषय कळविला तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारले, "नक्की हाच ना?" युनियनच्या कामात उभे आयुष्य घालविलेल्या माणसाने अमेरिकेतील ख्रिस्ती देवळांवर बोलावे याचे त्यांना नवल वाटले असावे. आम्ही स्वतः ख्रिस्ती नाही, अमेरिका पाहिलेली नाही आणि कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. इतिहास जो काही कळला तो पाळी संपल्यावर वाचनालयात बसून. परंतु संघटना बांधणाऱ्याने दुसऱ्यांनी आपल्या संघटना कशा बांधल्या, कुठे चुकल्या, हे वाचावे असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. शिवाय या कथेत एक करार आहे. तो वाचल्यापासून आमच्या मनातून जात नाही. त्याकडे येऊच.

आपल्याकडे अमेरिकन मिशनरी म्हटले की अहमदनगर आठवते, रेव्हरंड टिळक आठवतात. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरला तेव्हापासूनची ती परंपरा. परंतु ते मिशन वेगळ्या पंथाचे. आज ज्याविषयी बोलावयाचे ते एपिस्कोपल चर्च म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चची अमेरिकेतील लेक. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो या लेकीच्या आईच्या घरी.

अमेरिकेने इंग्लंडच्या राजाचे जोखड झुगारले तेव्हा या लेकीची मोठी पंचाईत झाली. तिच्या पाळकांनी राजनिष्ठेची शपथ घेतलेली होती, आणि बिशपाखेरीज नवा पाळक होत नाही हा तर पंथाचा मूळ नियम. वसाहतीत बिशप एकही नव्हता. दीक्षेसाठी उमेदवाराला समुद्र ओलांडून लंडनला जावे लागे. स्वातंत्र्यानंतर सॅम्युएल सीबरी बिशपपदासाठी लंडनला गेला, तर तेथे पुन्हा राजनिष्ठेची शपथ आडवी आली. अखेर १७८४ साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे तेथल्या बिशपांनी त्याला दीक्षा दिली. आपली घटना आणि आपले प्रार्थनेचे पुस्तक तयार व्हायला १७८९ उजाडले.

तोवर माणसे पश्चिमेकडे निघून चालली होती. डोंगर ओलांडून, बैलगाडीत संसार घालून, जंगल तोडीत. त्यांच्यामागे मेथडिस्ट पंथाचे प्रचारक घोड्यावर बसून गेले. बाप्टिस्टांचा तर शेतकरीच रविवारी उपदेशक होई. एपिस्कोपल पाळक मात्र शिकलेला हवा, त्याला झगा हवा, पुस्तक हवे, आणि ते पुस्तक वाचता येणारी मंडळी समोर हवी. पूर्वेकडील शहरांत तर देवळातील बाके भाड्याने देण्याची चाल होती. ज्याचे भाडे मोठे त्याचे बाक पुढे. अमेरिकेत एक विनोद सांगतात की बाप्टिस्ट पश्चिमेस पायी गेले, मेथडिस्ट घोड्यावरून गेले आणि एपिस्कोपल मंडळी आगगाडीचा आरामशीर डबा सुरू होईपर्यंत थांबली. विनोदात अतिशयोक्ती असतेच. पण ओहायोत कॉलेज काढण्यासाठी इंग्लंडच्या लॉर्डांकडून देणग्या आणणारा फिलँडर चेससारखा धडपड्या बिशप वगळला तर त्यात बरेच तथ्यही आहे.

हे बदलले १८३५ साली. त्या वर्षीच्या महाधिवेशनात दोन गोष्टी ठरल्या. एक, मिशन हे कुणा वर्गणीदार मंडळींचे खाते नव्हे. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक माणूस मिशनरी संस्थेचा सभासद आहे. आणि दुसरी, बिशप आधी पाठवायचा. तोपर्यंत रीत अशी की एखाद्या प्रांतात पुरेशी देवळे झाली म्हणजे त्यांनी जमून आपला बिशप निवडावा. आता जेथे देऊळ नाही, मंडळी नाही, तेथे बिशपाने स्वतः जाऊन ती उभी करावयाची. आम्हां युनियनवाल्यांना हा फरक चटकन समजतो. कामगारांनी बोलाविले म्हणजे जाऊ असे म्हणणारे कार्यालय आणि न बोलाविता गेटवर जाऊन उभा राहणारा कार्यकर्ता, यांतला हा फरक आहे.

असा पहिला मिशनरी बिशप जॅक्सन केम्पर. त्याला मिळाले मिसुरी आणि इंडियाना. एका ठिकाणी देऊळ होते पण पाळक नव्हता. दुसरीकडे पाळक होता पण देऊळ नव्हते! पुढे आयोवा, विस्कॉन्सिन, मिनेसोटा, कॅन्सस, नेब्रास्का असा त्याचा मुलूख वाढतच गेला आणि चोवीस वर्षे तो घोडा, होडी, गाडी जे मिळेल त्याने हिंडत राहिला. पूर्वेकडील पाळक पश्चिमेस यायला तयार नसत. तेव्हा पाळक तिथेच घडवावेत म्हणून त्याच्या आश्रयाखाली १८४२ साली विस्कॉन्सिनच्या रानात तळ्याकाठी नशोटा येथे तीन तरुणांनी विद्यालय काढले. न्यूयॉर्ककडील जमिनी सोडाव्या लागून विस्कॉन्सिनमध्ये आलेल्या ओनायडा जमातीचे लोक आपले एपिस्कोपल देऊळ बरोबरच घेऊन आले होते. म्हणजे त्या सीमेवर काही ठिकाणी गोऱ्यांच्या आधी आदिवासींचे देऊळ उभे होते. प्रार्थना त्या त्या जमातीच्या भाषेत व्हावी असा केम्परचा आग्रह असे. १८५९ साली त्याने मिनेसोटात एनमेगाबो या आदिवासी माणसाला पाळकपदाची पहिली दीक्षा दिली. पुढे १८६७ साली पूर्ण दीक्षा मिळून हा या चर्चचा पहिला आदिवासी पाळक झाला.

आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला त्या माणसाकडे येऊ. हेन्री बेंजामिन व्हिपल, जन्म १८२२. १८५७ साली तो शिकागोत आला आणि त्याने एक देऊळ सुरू केले. त्यात बाकांना भाडे नव्हते. आसपास वस्ती रेल्वेच्या माणसांची: ड्रायव्हर, फायरमन, गार्ड. ती देवळाकडे फिरकत नसत. व्हिपलने रेल्वेच्या एका बड्या इंजिनिअराला विचारले, या लोकांपर्यंत पोचावे कसे? त्याने उलट विचारले, तुम्हांला वाफेच्या इंजिनाची माहिती किती? व्हिपल म्हणाला, काहीच नाही. तेव्हा इंजिनिअराने त्याला रेल्वेवरचे एक जाडजूड पुस्तक सांगितले: हे वाचा, आणि एखाद्या ड्रायव्हरला प्रश्न विचारल्यावर तो तुम्हांला मूर्ख समजणार नाही इतके वाचा. बिचाऱ्याने खरोखर ते वाचले. मग लोकोशेडमध्ये जाऊन उभा राहिला आणि समोरच्या इंजिनाविषयी विचारले. माणसे गोळा झाली. बोलणे इंजिनापासून सुरू झाले आणि हळूहळू देवळापर्यंत पोचले.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमची पहिली गेटसभा आठवली. जागा होती फाउंड्री. आम्ही विशीतले, शोषण आणि पिळवणूक हे शब्द नुकतेच शिकलेलो. अर्धा तास बोललो. सभा संपल्यावर एक म्हातारा मोल्डर जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "पोरा, बीड कधी ओतलंयस का?" दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याच्या शेजारी उभे राहून साचे भरायला शिकलो.

१८५९ साली व्हिपल मिनेसोटाचा पहिला बिशप झाला. येथेही त्याने आधी विचारले, तुमचे कसे चालले आहे? उत्तर भयंकर होते. डकोटा जमातीने १८५१ च्या तहनाम्यांनी सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन सरकारला दिली होती आणि मोबदल्यात वर्षासन ठरले होते. ते वर्षासन हाती पडण्याआधीच व्यापारी आपल्या वह्या पुढे करीत आणि येणे म्हणून कापून घेत. एजंट राजकीय वशिल्याने नेमलेले. उधारीची वही कोण लिहितो यावर कोण उपाशी राहतो हे ठरते, हे आमच्याकडे कुणाला सांगायला नको. व्हिपलने आधी राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन आणि मग १८६२ च्या मार्चमध्ये लिंकन यांना पत्रे लिहून बजावले की ही व्यवस्था लुटीची आहे. कोणी हालले नाही.

त्या वर्षी यादवी युद्धामुळे वर्षासन लांबले. कोठारात धान्य होते, पण रोकड आल्याखेरीज वाटायचे नाही असा एजंटाचा हट्ट. आणि व्यापाऱ्यांनी उधार बंद केलेले. १८ ऑगस्ट १८६२ रोजी डकोटांनी शस्त्र उचलले. वर्षासनाची सोन्याची नाणी जवळच्या किल्ल्यावर पोचली ती त्याच दिवशी! शेकडो गोरे रहिवासी मारले गेले, त्यांत बायकामुले होती. हे सांगितलेच पाहिजे. उपाशी माणसाच्या हातून झालेली हत्या ही हत्याच असते. सैन्याने बंड मोडले आणि लष्करी न्यायमंडळाने ३०३ जणांना फाशी सुनावली. काही खटले पाच मिनिटेही चालले नव्हते.

सारे मिनेसोटा सूड मागत होते. व्हिपल आपल्या नात्यातील सेनापती हॅलेक यांच्यामार्फत लिंकन यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि लुटीचा सारा पाढा त्याने वाचला. अपराध्यांना शिक्षा होऊ नये असे तो म्हणत नव्हता. सरसकट सूड नको, आणि ज्या व्यवस्थेने हे घडविले तिचाही विचार करा, एवढेच त्याचे म्हणणे. तेवढ्यानेही त्याच्या मुलखातील लोक त्याच्यावर खवळले. लिंकन यांनी कागद तपासले आणि बहुतेकांची फाशी रोखली. तरी २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकाटो येथे ३८ जण एका वेळी फासावर चढले. बाकीच्या सुमारे सोळाशे डकोटांना, ज्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे होती, फोर्ट स्नेलिंगच्या छावणीत डांबले. सॅम्युएल हिनमन हा तरुण एपिस्कोपल पाळक त्यांच्यासोबत त्या थंडीत राहिला. गोऱ्या गुंडांनी त्याला मारहाण केली. पुढे डकोटांची मिनेसोटातून हकालपट्टी झाली, तेव्हा हाही त्यांच्याबरोबर गेला. आमच्या मते या चर्चच्या सीमेवरील इतिहासात इतके मोलाचे दुसरे पान नाही, आणि ते कुठल्याही प्रवचनामुळे मोलाचे झालेले नाही.

डकोटा व्हिपलला 'सरळ जिभेचा' म्हणत.

आणि आता तो करार. १८६८ च्या तहनाम्याने काळे डोंगर, म्हणजे ब्लॅक हिल्स, लाकोटा व त्यांच्या भाऊबंद जमातींचे असे ठरले होते. त्यातील जमीन सोडायची तर जमातीतील तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात असे कलमही होते. १८७४ साली त्या डोंगरांत सोने सापडले. १८७६ च्या जूनमध्ये लिटल बिगहॉर्नच्या लढाईत कस्टरची तुकडी कापली गेली. ऑगस्टमध्ये काँग्रेसने कायदा केला: डोंगर देईपर्यंत शिधा बंद. सह्या आणायला जे आयोग नेमले त्यात एक सदस्य होता बिशप व्हिपल. आयोगाने आपल्या अहवालात सरकारच्या वचनभंगाची लाज वाटते असे कडक शब्दांत लिहिले. आणि सह्याही आणल्या. तीन चतुर्थांश सोडाच, दहांतल्या एकाच्या आसपास माणसांच्या. १८७७ साली काँग्रेसने तेवढ्यावर डोंगर घेतले.

तो तेथे का गेला? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. त्याला वाटत असावे की डोंगर तर जाणारच, निदान माणसे जगावीत. आदिवासींनी शेती करावी, गोऱ्यांसारखे घर बांधावे, मुलांना मिशनच्या शाळेत घालावे, यातच त्यांचे तारण आहे असे तो मानी. त्याच्या पंथातील भले भले लोक मानीत. त्या वसतिशाळांत पुढे मुलांची भाषा तुटली, घर तुटले.

आम्हीही एक सही केलेली आहे. टाळेबंदीचा चौथा महिना होता. वाण्याने उधार बंद केलेले, एका घरात दुधाऐवजी मुलाला साखरपाणी देताना पाहिलेले. करारात बत्तीस माणसे कामावरून गेली आणि बाकीची आत गेली. आम्ही खोटे काही बोललो नव्हतो. त्या बत्तिसांपैकी काही अजून बाजारात दिसले की मान वळवतात. म्हणून व्हिपलवर दगड उचलताना आमचा हात जड होतो. तथापि एक फरक आम्ही विसरू शकत नाही. आम्ही टेबलाच्या उपाशी बाजूला बसलो होतो. तो शिधा बंद करणाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीवर बसला होता, आणि सरळ जिभेची सारी पुण्याई त्या कागदाच्या पाठीशी उभी राहिली. अशा कागदाला भला माणूस लागतोच. लबाडाच्या हाती तो कोणी घेत नाही.

१९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डोंगर घटनेनुसार योग्य मोबदला न देता घेतले गेले, आणि सरकारने भरपाई व्याजासह द्यावी. जमातींनी ती अजून घेतलेली नाही. डोंगर विकलेले नाहीत, असे त्यांचे म्हणणे. २००९ साली एपिस्कोपल चर्चच्या महाधिवेशनाने, शोध लावणाऱ्या ख्रिस्ती राजाची भूमी होते या जुन्या सिद्धान्ताचा जाहीर त्याग केला.

व्हिपल १९०१ साली वारला. फॅरिबॉल्ट गावातील आपल्याच देवळाच्या वेदीखाली तो पुरला आहे. हिनमनने १८६२ च्या आधी मिनेसोटा नदीकाठी डकोटांसाठी एक दगडी देऊळ बांधायला घेतले होते. युद्ध पेटले आणि ते अर्धेच राहिले. हकालपट्टीनंतर वीसेक वर्षांनी काही डकोटा कुटुंबे एकेक करून आपल्या जुन्या नदीकाठी परत आली. त्यांनी मॉर्टन गावाजवळ नवे देऊळ बांधले आणि त्यात त्या अर्धवट देवळाचे दगड बसविले. १८९१ पासून ते तेथे उभे आहे.