नाव कोणी ठेवले? उरियांखाईंचा प्रश्न

उरियांखाई कोण, या प्रश्नाला इतिहास एकच उत्तर देत नाही. मंगोलांच्या इतिवृत्तात या जमातीचा जार्चिउदाई नावाचा एक लोहार भेटतो. पाठीवर भाता घेऊन तो बुर्खान खाल्दुन डोंगरावरून उतरतो आणि आपला मुलगा जेल्मे तेमुजिनच्या हवाली करतो. खोगीर चढवायला, दार उघडायला! हाच तेमुजिन १२०६ साली चंगीझखान झाला. जेल्मे त्याचा सरदार झाला, आणि त्याच जमातीचा सुबुताई १२४१ साली फौजा घेऊन हंगेरीपर्यंत गेला. सेनापतींचा गौरव ग्रंथोग्रंथी आहे. लोहाराचा भाता कितीजणांना आठवतो?

चौदाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या दरबारातला रशीदुद्दीन 'अरण्यातले उरियांखाई' वेगळे नोंदवतो. ते भूर्जसालीच्या झोपड्यांत राहत, लाकडी पट्ट्यांवर उभे राहून बर्फावरून घसरत शिकार करीत. मेंढ्या राखणे त्यांना इतके हीन वाटे की, मुलीवर चिडले तर तुला मेंढपाळाला देऊन टाकू, असा धाक घालीत. म्हणजे ज्यांना गवताळ मुलखातले धनगर रानटी समजत, तेच रानटी धनगरांची कीव करीत होते! उच्चनीचतेची शिडी कशी कोणाच्याही हाताने उलटी उभी करता येते, हे वर्गात शिकवताना मी याच नोंदीचा आधार घेतो.

पुढे नाव माणसांहून दूर गेले. सोळाव्या शतकात बंडानंतर मंगोलांतील उरियांखाई तुमेन मोडून त्याची माणसे इतरांत वाटली गेली. अठराव्या शतकाच्या मध्यास झुंगारांचे राज्य बुडवल्यावर चीनच्या छिंग दरबाराने तान्नू डोंगरांतल्या लोकांना 'तान्नू उरियांखाई' म्हणून दप्तरात चढवले आणि त्यांच्याकडून केसाळ कातड्यांची खंडणी घेतली. हे लोक मात्र तुर्की कुळातली भाषा बोलत आणि स्वतःला 'तिवा' म्हणत. १९१४ साली झारने त्यांना आपल्या संरक्षणाखाली घेतले. १९२१ साली तान्नू-तुवा प्रजासत्ताक झाले, तेव्हा कोठे त्यांचे स्वतःचे नाव राज्याच्या कागदावर आले. १९४४ साली ते राज्य सोव्हिएत संघात गेले, नाव टिकले.

पण म्हणून 'उरियांखाई' हे केवळ लादलेले नाव, असेही म्हणता येत नाही. याकुतियातले साखा लोक आपल्या वीरगाथांत स्वतःला उरांखाई म्हणवतात. आणि पश्चिम मंगोलियात, बायान-उल्गी व खोव्द प्रांतांत, अल्ताई उरियांखाई आजही याच नावाने राहतात. त्यांची बोली ओइरात मंगोल आहे. त्यांचे शाहीर वीरगाथा आरंभण्यापूर्वी अल्ताई पर्वताचे स्तवन गातात.