बसण्याचा हक्क

रौप्य महोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. बँकेतल्या नोकरीमुळे काउंटरशी माझी आयुष्यभराची ओळख, म्हणून काउंटरमागच्या माणसांविषयीच लिहितो. विषय साधा आहे. कामावर असताना बसायला मिळणे.

आपण म्हणाल, याचा कसला आलाय इतिहास? पण आहे, आणि तो सव्वाशे वर्षांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांतून मुली विक्रीचे काम करू लागल्या होत्या. दिवसभर उभे राहायचे, गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही, असा शिरस्ता. पाय सुजत, पाठ धरे. डॉक्टर मंडळींनीही याविरुद्ध आवाज उठवला. शेवटी १८९९ साली पार्लमेंटने खास कायदाच केला. दर तीन विक्रेत्या स्त्रियांमागे निदान एक आसन हवे. तिघींत एक! पण सुरुवात तर झाली.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ४४ आले. उभ्याने काम करणाऱ्या कामगाराला मध्ये उसंत मिळाली तर टेकता यावे, अशी सोय मालकाने करायची. पण हा कायदा कारखान्यांपुरता होता. दुकाने त्याच्या बाहेर होती.

पुढची लढाई केरळात झाली. कोझिकोडच्या कापडबाजारात सेल्सगर्ल दहा-दहा तास उभ्या असत. बाथरूमची सोय नाही, म्हणून पाणीसुद्धा बेतानेच प्यायच्या. तिथेच शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी या बायकांना एकत्र आणून ‘पेंकूट्टु’ ही संघटना उभी केली. आधी स्वच्छतागृह मागितले, मग बसायला जागा. काही वर्षांच्या झगड्यानंतर २०१८ साली केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याची सोय सक्तीची केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसेच केले.

आता गंमत बघा. दुकानदार या बायकांना बसू का देत नव्हते? स्टूल काही महाग नसते. गिऱ्हाईक आले आणि ही बसलेली दिसली, तर गिऱ्हाईकाचा मान राहत नाही, हे कारण. म्हणजे आपल्या नावाखाली त्यांना उभे ठेवले जात होते, आणि आपल्याला तर कोणी विचारलेही नव्हते! बँकेत कॅशियर बसून पैसे मोजतो, खातेदार रांगेत उभा असतो. त्यात कोणाला अपमान वाटल्याचे मी इतक्या वर्षांत पाहिले नाही. मान बोलण्यात असतो, कामात असतो. दुसऱ्याच्या दुखऱ्या पायांवर तो उभा राहत नाही.

हे सगळे सांगण्याचे कारण आपल्या गेटवरच आहे. ‘वॉचमन बसलेलाच दिसतो, खुर्ची काढून टाका,’ असे आपल्या सभेत अधूनमधून कोणीतरी म्हणतेच. रात्री बारा तास जागणाऱ्या माणसाची खुर्ची काढून सुरक्षा वाढत नाही. झोप लागते ही तक्रार खरी असेल, तर पाळ्या आठ तासांच्या कराव्यात. खर्च थोडा वाढेल, तो सर्वांनी वाटून घ्यावा. कुरिअरवाल्या मुलांसाठीही जिन्यापाशी एक बाक आणि पाण्याचा माठ ठेवता येईल.

पुढच्या सभेत हा विषय निघाला आणि गुडघ्यांमुळे मला येता आले नाही, तर माझे मत खुर्ची ठेवण्याच्या बाजूने आहे, हे सेक्रेटरींनी सभेला सांगावे, ही विनंती.