कोकण किनारपट्टीवरील सायकल पर्यटन

कोकण किनारपट्टीवरील सायकल पर्यटन म्हणजे महाराष्ट्राच्या रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतून समुद्रालगतच्या रस्त्यांनी केला जाणारा अनेक दिवसांचा सायकल प्रवास होय. हा प्रवास मुख्यत्वे रेवस (रायगड जिल्हा) ते रेडी (सिंधुदुर्ग जिल्हा) या सागरी महामार्गाने आणि त्याला जोडणाऱ्या ग्रामीण रस्त्यांनी होतो. मार्गाची लांबी सुमारे ५०० किमी असून तो पूर्ण करण्यास साधारणतः सहा ते आठ दिवस लागतात. वाटेतील अनेक खाड्या आणि त्या ओलांडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फेरीबोटी हे या मार्गाचे प्रमुख वैशिष्ट्य आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या लांबीने कमी असल्या, तरी त्यांच्या मुखाशी भरतीचे पाणी दूरवर आत शिरते व रुंद खाड्या तयार होतात. दोन खाड्यांच्या दरम्यान जांभ्या दगडाची पठारे असून त्यांना स्थानिक बोलीत 'सडा' म्हणतात. ही पठारे अनेक ठिकाणी समुद्रसपाटीपासून १०० मीटरहून अधिक उंच आहेत.

या रचनेमुळे किनाऱ्याजवळचा रस्ता सपाट असेल, ही समजूत प्रत्यक्षात खोटी ठरते. वस्ती, नारळी-पोफळीची आगरे आणि धक्के खाडीच्या वा समुद्राच्या पातळीवर असतात, तर दोन गावांना जोडणारा रस्ता बहुधा सड्यावरून जातो. परिणामी सायकलस्वाराला दिवसातून अनेक वेळा समुद्रपातळीपर्यंत उतरून पुन्हा पठारावर चढावे लागते. एकही मोठा घाट न लागता दिवसभराची एकूण चढाई मोठी होते, आणि नकाशावरील अंतरावरून श्रमाचा अंदाज बांधणारे प्रवासी येथे हमखास फसतात.

इतिहास

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दक्षिण कोकणाचा मुंबईशी संपर्क मुख्यतः जलमार्गाने होता. प्रवासी आगबोटी किनाऱ्यावरील बंदरांत थांबत व तेथून पडावांनी उतारू धक्क्यावर येत. रस्त्यांचे जाळे वाढल्यावर ही वाहतूक मागे पडली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. हा लोहमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग ६६ (पूर्वीचा क्रमांक १७) हे दोन्ही किनाऱ्यापासून आत असल्याने अवजड व दूरची वाहतूक तिकडे वळली. किनाऱ्यालगतचे अरुंद रस्ते तुलनेने शांत राहिले आणि सायकल प्रवासासाठी अनुकूल ठरले.

२००३ साली दाभोळ ते धोपावे ही वाहने नेणारी फेरीबोट सेवा सुरू झाली. पुढे अन्य खाड्यांवरही अशा सेवा उपलब्ध झाल्याने किनारा न सोडता सलग प्रवास करणे शक्य झाले. मार्च २०२० मध्ये मुंबईतील भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाली. तेव्हापासून मुंबईचे सायकलस्वार महामार्गावरील रहदारी टाळून थेट अलिबाग तालुक्यात उतरू शकतात.

मार्ग

मांडवा ते आगरदांडा : या टप्प्यात अलिबाग, चौल आणि रेवदंडा ही गावे लागतात. कुंडलिका नदीवरील पूल ओलांडल्यावर साळाव व त्यानंतर कोर्लई येते. कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली एक मिश्रभाषा आजही बोलली जाते. काशीदनंतर रस्ता फणसाड अभयारण्याच्या बाजूने मुरूडला पोहोचतो. जंजिरा किल्ल्यासाठी राजपुरी येथून होड्या सुटतात.

दिघी ते बागमांडला : दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीमार्गे जाणारा रस्ता दीर्घ अंतरापर्यंत समुद्राला लागून आहे व संपूर्ण मार्गातील सर्वांत निसर्गरम्य भागांत त्याची गणना होते. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे मूळ गाव. येथून हरिहरेश्वरजवळील बागमांडला धक्का गाठता येतो.

वेसवी ते दाभोळ : वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरूड (दापोली तालुका) आणि कोळथरे ही या टप्प्यातील प्रमुख गावे होत. हर्णे बंदरासमोर सुवर्णदुर्ग हा जलदुर्ग आहे. चढ-उतारांच्या दृष्टीने हा टप्पा विशेष कष्टाचा आहे.

धोपावे ते रत्नागिरी : गुहागर, वेळणेश्वर व हेदवी या गावांनंतर तवसाळ येथे खाडी ओलांडून जयगडला जाता येते. पुढे कवी केशवसुतांचे जन्मगाव मालगुंड, गणपतीपुळे आणि आरे-वारे किनाऱ्यावरील चढाचा रस्ता लागतो.

रत्नागिरी ते मालवण : भाट्ये, पावस, पूर्णगड, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर व आचरा असा हा क्रम असून विजयदुर्ग किल्ल्यासाठी मुख्य रस्ता सोडून आत जावे लागते. या टप्प्यातील मोठ्या खाड्यांवर पूल आहेत. कशेळी परिसरातील सड्यावर प्राचीन कातळशिल्पे आढळतात.

मालवण ते रेडी : कर्ली नदी ओलांडून परुळे, म्हापण, वेंगुर्ले व शिरोडा या मार्गे रेडी गाठता येते. शिरोडा हे १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहाचे एक केंद्र होते. रेडीपुढे गोव्याच्या हद्दीतील तेरेखोल असून तेथे नदी ओलांडल्यावर केरीचा किनारा लागतो.

खाड्या आणि फेरीबोटी

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना पुढील चार ठिकाणी फेरीबोटीचा उपयोग केला जातो. स्थानिक लोक या सपाट तळाच्या बोटींना 'जंगलजेट्टी' म्हणतात.

• आगरदांडा – दिघी : राजपुरी खाडी. रस्त्याने म्हसळामार्गे वळसा पडतो.
• बागमांडला – वेसवी : बाणकोट खाडी (सावित्री नदी). पर्यायी रस्ता आंबेत–म्हाप्रळ पुलावरून जातो.
• दाभोळ – धोपावे : दाभोळ खाडी (वाशिष्ठी नदी). रस्त्याने चिपळूणकडून जावे लागते.
• तवसाळ – जयगड : जयगड खाडी (शास्त्री नदी). पर्यायी रस्ता राई–भातगाव पुलावरून जातो.

खाडी ओलांडण्यास काही मिनिटेच लागतात. मोटारीला पडणारा वळसा दोन-तीन तासांचा असला, तरी सायकलस्वारासाठी तो पूर्ण दिवसाचा होऊ शकतो. त्यामुळे फेरीबोटीची शेवटची फेरी किती वाजता आहे, यावर दिवसाचे नियोजन अवलंबून असते. वादळी हवामान, ओहोटी किंवा दुरुस्ती यांमुळे सेवा थांबू शकते, म्हणून आदल्या मुक्कामीच चौकशी करून ठेवण्याची पद्धत आहे.

हवामान आणि हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत योग्य मानला जातो. मार्चपासून उष्मा व दमटपणा वाढतो आणि झाडी नसलेल्या सड्यांवर दुपारी सावली मिळत नाही. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे या काळात बहुधा वायव्येकडून वाहतात. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्यास दुपारनंतर वाऱ्याची थोडीफार साथ लाभते, तर उलट दिशेच्या प्रवासात तोच वारा अडथळा ठरतो. जून ते सप्टेंबर या काळात अतिवृष्टी, शेवाळलेले उतार आणि कोसळणाऱ्या दरडी यांचा धोका असतो. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा या प्रवासी बोटीही पावसाळ्यात बंद असतात.

निवास, भोजन आणि परतीचा प्रवास

बहुतेक किनारी गावांत घरगुती निवासाची व भोजनाची सोय असते. जेवणाची सूचना आधी दिल्यास मासळीचे अथवा शाकाहारी ताट, सोलकढी, घावणे किंवा आंबोळी असे पदार्थ मिळतात. सड्यावरील रस्त्यांवर मात्र दुकाने तुरळक असल्याने पुरेसे पाणी जवळ बाळगावे लागते. परतीसाठी रत्नागिरी, कुडाळ किंवा सावंतवाडी येथून कोकण रेल्वेने सायकल सामानाच्या डब्यातून पाठवता येते. स्थानके किनाऱ्यापासून दूर असल्याने शेवटच्या दिवसाच्या अंतरात हा भाग धरावा लागतो.

सायकल आणि साहित्य

चढांचे स्वरूप पाहता हलके गिअर आणि उत्तम स्थितीतील ब्रेक आवश्यक मानले जातात, कारण धक्क्यांकडे जाणारे उतार तीव्र असून तेथे रस्त्यावर खडी व वाळू साचलेली असते. लहान गावांतील दुकानांत साध्या सायकलीचे पंक्चर काढून मिळते, परंतु गिअरच्या सायकलीचे सुटे भाग मिळण्याची शाश्वती नसते. म्हणून जादा ट्यूब, पंप, साखळीचा जोड आणि ब्रेकपॅड सोबत नेले जातात. खाऱ्या हवेमुळे साखळी लवकर गंजते. किनाऱ्यावरील ओल्या वाळूत सायकल चालवल्यास ती त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन साखळीला तेल द्यावे लागते.

पर्यावरण

वेळास, आंजर्ले यांसह अनेक किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात अंडी घालतात. या काळात पुळणीवर वाहने अथवा सायकली नेणे आणि रात्री प्रखर दिवे वापरणे कासवांना घातक ठरते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड व दापोली परिसरातील नारळी-पोफळीच्या बागांची मोठी हानी केली. घरगुती निवास चालवणारी अनेक कुटुंबे याच बागांच्या उत्पन्नावर अवलंबून असल्याने त्यांना दुहेरी फटका बसला. आगरांमधून जाणाऱ्या रस्त्यांवरील सावलीही त्यामुळे कमी झाली.

बदलती परिस्थिती

सागरी महामार्गाचे रुंदीकरण करणे व उरलेल्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधणे या योजना दीर्घकाळ चर्चेत आहेत. बाणकोट खाडीवरील पुलाचे काम सुरू होऊनही अनेक वर्षे रखडले. पूल झाल्यास रुग्णालय, महाविद्यालय व बाजारपेठ गाठण्यासाठी फेरीबोटीच्या वेळेवर विसंबून राहणाऱ्या ग्रामस्थांची, विशेषतः रात्रीच्या वेळची, अडचण दूर होईल. त्याच वेळी आज महामार्ग ६६ वर असलेली वेगवान रहदारी किनाऱ्याकडे वळण्याची शक्यता आहे. ज्या तुटकपणामुळे हे रस्ते शांत राहिले, तो संपल्यावर सायकलींसाठी स्वतंत्र पट्टा किंवा जुन्या गावरस्त्यांची देखभाल यांची तरतूद होते की नाही, यावर या मार्गावरील सायकल पर्यटनाचे भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून राहील.