हक्कांची पत्रे : ‘दीनबंधू’ ते ‘प्रबुद्ध भारत’

महाराष्ट्रात शोषितांच्या हक्कांसाठी वृत्तपत्र चालवण्याची परंपरा कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेल्या ‘दीनबंधू’ या सत्यशोधक साप्ताहिकापर्यंत मागे जाते. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यात मांडली. १८९० मध्ये कामगारांना मिळालेल्या रविवारच्या सुटीमागे त्यांच्या चळवळीचा मोठा वाटा होता. गोपाळबाबा वलंगकर अस्पृश्यांचे प्रश्न याच पत्रातून मांडत असत. मात्र इतरांच्या पत्रात जागा मिळणे निराळे आणि पत्र आपल्या हाती असणे निराळे. म्हणूनच १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी काढलेल्या ‘सोमवंशीय मित्र’ या मासिकाचे महत्त्व त्याच्या अल्पायुष्यावरून ठरवणे योग्य नव्हे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले, ते याच जाणिवेतून. ‘दीनमित्र’, ‘जागरूक’, ‘विजयी मराठा’ यांसारखी ब्राह्मणेतर पत्रे अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा देतात, पण ती पुरेशी नाही, असे त्यांनी पहिल्याच अंकात नोंदवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या पत्रासाठी २,५०० रुपये दिले, तर पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव देण्यात आले. पुढे आंबेडकर शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले.

त्यांचे दुसरे पत्र अधिक धारदार निघाले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता, तरी कागदावरचा हा हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला आणि त्यानंतर सत्याग्रहींना मारहाणही झाली. अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. पाणी पिणे हा उपकार नसून नागरिकाचा अधिकार आहे, हे त्यातील लेखांनी कायदा, धर्मशास्त्र आणि तर्क यांच्या आधारे मांडले. अंकाचे रकानेच्या रकाने आंबेडकर स्वतः लिहीत. वाचकवर्ग गरीब, वर्गणीदार अपुरे आणि जाहिराती जवळजवळ नाहीत, अशा स्थितीत हे पत्र १९२९ पर्यंतच टिकले. तळ्याच्या हक्काबाबत चाललेल्या दाव्याचा उच्च न्यायालयातील निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये, म्हणजे पत्र बंद पडल्यावर सात वर्षांहून अधिक काळाने. १९३० मध्ये निघालेले ‘जनता’ मात्र पंचवीस वर्षे चालले आणि १९५६ मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

नभोवाणीचा इतिहास याच्या उलट आहे. छापखाना कर्ज काढून उभारता येत असे, पण रेडिओलहरी सरकारच्या ताब्यात होत्या. आंबेडकरांना आकाशवाणीचा ध्वनिक्षेपक मिळाला तो १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य म्हणून. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी त्यांनी तेथूनच आपल्या जीवनविषयक तत्त्वज्ञानात स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व यांचे स्थान सांगितले. मान्यवराला बोलावणे येत असे. चळवळीला केंद्र काढण्याची सोय नव्हती. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्रे चालवण्याची मुभा मिळाली, परंतु स्वतः मिळवलेल्या बातम्या प्रसारित करण्याची परवानगी त्यांना देण्यात आली नाही.