आरोग्याचा कारभार आणि आपले गाव

आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच मोडत असे. प्रतिसरकारच्या काळात या मुलुखातील गावांनी न्यायनिवाडाही स्वतः केला; परंतु दुखणे बळावले की मिरजेच्या मिशन इस्पितळाची वाट धरावी लागे. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या त्या संस्थेचे उपकार थोर खरे. पण गावोगावचे पाणी शुद्ध राखणे तिच्या हातचे नव्हते.

देवराष्ट्र्याचे सुपुत्र यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींकडे आला. लोकसहभागाचे हेच तत्त्व पुढे १९७८ मध्ये आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने उद्घोषिले.

तथापि अधिकार मिळाला म्हणजे आरोग्य लाभलेच, असे आम्हांस वाटत नाही. २००५ नंतर ग्रामपातळीवर आरोग्य समित्या स्थापन झाल्या. त्यांच्या बैठकींस आपल्या घरांतून कितीजण जातात? विहिरीत औषध पडले काय, बालकांस लस टोचली गेली काय, हे विचारणे आपलेही कर्तव्य होय. ज्ञातिबंधुभगिनींनो, पूर्वजांनी झगडून मिळविलेले स्वराज्य गावच्या पाणवठ्यापर्यंत पोहोचविणे आता आपल्याच हाती आहे.